आजी बोलतात एक, ॲप लिहितं भलतंच : सारखा सारखा होणारा त्रास आणि त्यावर काय चालतं

आधी त्रास काय आहे ते सांगते, म्हणजे तुमच्या घरचा आणि आमच्या घरचा प्रॉब्लेम एकच आहे का ते कळेल. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पार्किन्सन्स (कंपवात) आहे, आवाज बारीक झालाय, मराठी सोडून दुसरं बोलत नाहीत (हिंदी कळतं, पण सिरीयलमधलं). ब्युरोतून आलेली केअरटेकर झारखंडची, मुलगी गुणी आहे पण मराठी म्हणाल तर "बसा, उठा, जेवा" इतपत. आम्ही दोघं ऑफिसला, घरात दिवसभर त्या दोघीच, आणि मधे दुभाष्या म्हणून फोनमधलं भाषांतराचं ॲप.

आणि मग हे असं होतं. सासूबाई म्हणतात "मला जरा..." आणि थांबतात, कारण पुढचा शब्द तोंडातून निघायला वेळ लागतो, तेवढ्यात ॲपचा माइक बंद आणि ते बिचारं "मला जरा" एवढ्याचंच हिंदी करून मोकळं. किंवा दुसरा प्रकार, माइक चालू राहतो पण स्क्रीनवर असं वाक्य येतं जे त्या बोलल्याच नाहीत. तिसरा प्रकार, मराठी बरोबर उमटतं पण हिंदीत त्याचा पार चुथडा होतो. आणि चौथा, सगळ्यात वैताग आणणारा : एकदा सगळं नीट बसवलं, दोन आठवडे छान चाललं, आणि मग एक दिवस परत पहिल्यासारखं. म्हणून "सारखा सारखा" म्हटलंय.

लोक सरळ म्हणतात की एआयला मराठी येत नाही, सोडा. तसं नाहीये हो. गूगलचं मराठी व्हॉइस टायपिंग २०१७ मध्ये आलं, ट्रान्सलेटमध्ये मराठी २०१३ पासून आहे, २०२४ मध्ये जेमिनी लाइव्ह, म्हणजे गूगलचाच गप्पा मारणारा एआय, मराठीत बोलायला लागलं. तुम्ही आम्ही बोललो तर बऱ्यापैकी कळतं त्याला. म्हाताऱ्या माणसाचं, त्यातून आजारी माणसाचं बोलणं, हा वेगळा विषय आहे, आणि बहुतेक वेळा गडबड भाषांतरात नसून त्याच्या आधी, ऐकण्यात असते.

म्हणून पहिली गोष्ट, ॲप बदलायच्या आधी दोष नक्की कुठे आहे ते शोधा. सोप्पं आहे. त्याच फोनवर, त्याच खोलीत, त्याच पलंगाशेजारी बसून सासूबाईंचंच वाक्य तुम्ही स्वतः बोला. तुमचंही चुकीचं येत असेल तर सेटिंग, माइक नाहीतर आवाजाचा गोंगाट यातलं काहीतरी आहे. तुमचं बरोबर येतंय आणि त्यांचंच चुकतंय तर बोलण्याचा वेग, थांबणं, आवाजाची पातळी याकडे बघायचं. मग स्क्रीनवर दोन ओळी असतात ना, मूळ मराठी आणि खाली हिंदी, त्यातली मराठीची ओळ आधी वाचा. आपण सगळे थेट खालचीच ओळ वाचतो आणि भाषांतराला शिव्या घालतो. मराठीचीच ओळ चुकलेली असेल तर हिंदी बरोबर येणार कुठून. मराठी बरोबर आणि हिंदी चुकीचं असेल तरच तो भाषांतराचा दोष. ही दोन मिनिटांची तपासणी केली नाही तर माणूस उगाच ॲपवर ॲप डाउनलोड करत बसतो, मेमरी भरते आणि सासूबाई वैतागतात ते वेगळंच.

आता मधेच तुटण्याबद्दल. ही ॲप्स माणूस बोलायचा थांबला की वाक्य संपलं असं धरतात. तरुण माणसाच्या बोलण्याला ते ठीक आहे, पण पार्किन्सन्समध्ये, पक्षाघातानंतर, किंवा नुसतं वय झालं म्हणून सुद्धा, वाक्याच्या मधोमध मोठी गॅप पडते. शब्द आठवत नाही, श्वास पुरत नाही, किंवा आठवलेला शब्द ओठांपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्यांना "आई पटपट बोला" म्हणणं म्हणजे दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं, ते करू नका, शिवाय घाई केली की पार्किन्सन्समध्ये शब्द एकमेकांवर चढतात आणि अजूनच कळत नाही.

उपाय असा की बोलणं आणि भाषांतर ही दोन कामं वेगळी करायची. आम्ही व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे ना, ती वापरतो. माइकचं बटण दाबून वर सरकवलं की ते लॉक होतं, मग बोट धरून ठेवायला लागत नाही आणि मधे कितीही थांबा, रेकॉर्डिंग चालूच राहतं. सासूबाईंचं पूर्ण बोलून झालं की मग ती क्लिप एआयला द्यायची. केअरटेकरला हे शिकवायला फार वेळ लागला नाही, ती तिच्या गावी असेच निरोप पाठवते. क्लिप देणं जमत नसेल तर अँड्रॉइडवर लाइव्ह ट्रान्सक्राइब नावाचं फुकट ॲप आहे, गूगलनं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या गॅलॉडेट विद्यापीठाबरोबर, म्हणजे कर्णबधिरांचं जे प्रसिद्ध विद्यापीठ आहे त्यांच्याबरोबर, काढलेलं. ते गप्पांसाठी बनवलंय त्यामुळे माणूस थांबला म्हणून बंद पडत नाही, सलग लिहीत राहतं. मात्र ते ऐकेल ते लिहितं, त्यामुळे टीव्ही चालू असेल तर सिरीयलमधल्या सुनेचे डायलॉग आणि आपल्या सासूबाईंचं बोलणं एकाच परिच्छेदात. टीव्ही म्यूट.

माइक जवळ हवा, हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कमी आहे. फोनचा माइक खालच्या बाजूला बारीक भोकात असतो, फोन उभा धरला की तळहात नेमका त्याच्यावर येतो, किंवा जाड कव्हरनं ते झाकलेलं असतं. तोंडापासून वीतभर अंतर, आणि समोर नाही तर किंचित बाजूला, म्हणजे श्वासाचा फुरफुर आवाज जात नाही. साधे वायरवाले इयरफोन, ज्याच्या वायरवर माइक असतो, ते पदराला पिनेनं लावले की आवाजात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पंखा थेट डोक्यावर असेल तर बोलण्यापुरता बंद. आणि कवळी. कवळी लावलेली आहे का ते आधी बघा, नाहीतर स, त, द या अक्षरांचं काही खरं नसतं. आम्ही अजून एक करतो, डॉक्टरांना विचारून ठरवलंय, की जे महत्त्वाचं बोलायचंय (काय दुखतंय, काय हवंय, कुणाला फोन लावायचाय) ते सकाळची गोळी लागू पडल्यावर विचारायचं. त्या वेळात त्यांचा आवाज मोकळा असतो, गोळीचा असर उतरत आला की परत कुजबुज. प्रत्येकाचं वेगळं असेल, पण दिवसात एक बरी वेळ असते, ती ओळखा.

पार्किन्सन्सवाल्यांचं अजून एक. त्यांना स्वतःला आपला आवाज कमी झालाय हे जाणवत नाही, त्यांच्या मते ते नॉर्मलच बोलत असतात आणि "तुम्हालाच ऐकू येत नाही". लाइव्ह ट्रान्सक्राइबमध्ये आवाजाची पातळी दिसते, सासूबाईंना ती दाखवली तर त्या आपणहून जरा जोर लावतात. हा उपयोग मला कुणी सांगितला नव्हता, पण स्पीच थेरपिस्टना आवडला.

आता दुसरा प्रकार, न बोललेलं लिहिण्याचा. हा सगळ्यात धोक्याचा आहे आणि याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं कारण चुकीचं वाक्य दिसायला एकदम गुळगुळीत असतं. तुटक शब्द आले तर आपण सावध होतो, व्याकरणशुद्ध वाक्य आलं की विश्वास ठेवतो. ओपनएआयचं व्हिस्पर नावाचं मॉडेल आहे, २०२२ मध्ये आलेलं, बोललेलं लिहून काढणाऱ्या कितीतरी ॲप्सच्या आत तेच बसवलेलं असतं. ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकवलंय त्याला, पण त्यात मराठीचा वाटा नगण्य. त्याच्यावर २०२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲलिसन कोनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात इंग्रजी बोलणाऱ्यांच्या क्लिप होत्या, काही जण ॲफेशिया झालेले, म्हणजे मेंदूला इजा झाल्यामुळे शब्द सापडत नाहीत असे. साधारण १ टक्का क्लिपमध्ये मॉडेलनं कुणीच न बोललेली वाक्यं घुसवली होती, आणि जिथे बोलण्यात गॅप जास्त तिथे हे जास्त. १ टक्का ऐकायला कमी वाटतं, पण दिवसातून चाळीस-पन्नासदा वापरलं तर हिशोब करा. आणि ते इंग्रजीत, चांगल्या शिकवलेल्या भाषेत. आपल्या मराठीचं काय असेल ते सांगायला नको.

लक्षणं ओळखायला सोपी आहेत. क्लिपच्या शेवटी उगाच "धन्यवाद" येतं, किंवा चॅनलला सबस्क्राइब करा टाइपचं काहीतरी येतं, तेच वाक्य दोनदा-तीनदा येतं, किंवा पाच सेकंदांच्या क्लिपमधून चार ओळी निघतात. असं दिसलं की ते सगळंच रद्द समजा. क्लिपच्या सुरुवातीची आणि शेवटची शांतता जितकी कमी तितकं बरं, म्हणून सासूबाई बोलायला लागल्यावरच रेकॉर्ड दाबायचं आणि संपल्यावर लगेच थांबवायचं, मधल्या शांततेचं काही करता येत नाही.

आणि खरा उपाय म्हणजे ॲपनं जे मराठी ऐकलं ते सासूबाईंना मराठीतच परत ऐकवायचं. हिंदी होण्याच्या आधी. स्पीकरचं चिन्ह दाबलं की ॲप मराठी ओळ वाचून दाखवतं, त्या मान डोलावतील नाहीतर हात हलवतील. हो म्हटलं तरच पुढे. यानं प्रत्येक निरोपाला अर्धा मिनिट जास्त लागतो आणि सुरुवातीला सगळ्यांनाच कंटाळा येतो, केअरटेकरला तर फारच, कारण तिचे हात कामात असतात. तरी यावर मी अडून बसले. बाकी सगळी सेटिंगं केली आणि हे नाही केलं तर उपयोग नाही, आणि बाकी काहीच केलं नाही पण हे केलं तरी निम्मं काम होतं, असं माझं मत आहे. सासूबाईंनाही त्यात बरं वाटतं, त्यांच्या नावावर काय खपवलं जातंय ते त्यांना कळतं.

भाषांतराचा दोष असेल तर. इथे गंमत आणि डोकेदुखी दोन्ही आहे. सासूबाई म्हणाल्या "पायाला मुंग्या आल्यात", मराठी ओळ अगदी बरोबर, हिंदीत चींटियाँ, आणि मुलगी चादर झटकून मुंग्या शोधतेय. तिला झुनझुनी म्हटलं असतं तर लगेच कळलं असतं. "कणकण वाटतेय", "पोटात कळ येतेय", "कसंसंच होतंय", "घाबरल्यासारखं होतंय" ही सगळी आजारपणाची घरगुती भाषा ॲपला झेपत नाही. "घाबरल्यासारखं" म्हणजे आपल्याकडे छातीत धडधड, अस्वस्थ वाटणं, घाम येणं हे सगळं असू शकतं, आणि हिंदीत नुसतं डर लग रहा है आलं तर ती मुलगी शेजारी बसून हात धरेल, बीपी बघणार नाही.

काळाचंही तसंच. मराठीत काल आणि उद्या वेगळे, हिंदीत दोन्ही कल. "काल पोट साफ झालं नाही" मध्ये क्रियापदावरून निभावतं, पण तुटक बोलणाऱ्या माणसाचं क्रियापदच येत नाही कधीकधी, "उद्या... डॉक्टर" एवढंच येतं. त्यावर वार लावायचा, सासूबाईंना वार आठवत नसेल तर केअरटेकरनं विचारायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून. परवाचं तर विचारूच नका, तो आपल्याकडेच मागचा का पुढचा ते कळत नाही.

अजून एक, बरीचशी भाषांतरं मराठीवरून थेट हिंदीत न जाता मधे इंग्रजीवरून जातात. त्यामुळे अगं, अहो, तू, तुम्ही हे सगळं यू मध्ये बुडतं आणि पलीकडे काहीतरी भलतंच निघतं. सासूबाई मायेनं "ये गं पोरी, जरा पाय दाब" म्हणतात ते हिंदीत हुकूम सोडल्यासारखं होतं. आमच्याकडच्या मुलीला काही दिवस वाटत होतं की माँजी तिच्यावर चिडलेल्या आहेत! भारत सरकारचं भाषिणी ॲप भारतीय भाषांसाठीच काढलंय, वेगळं काही येतं का ते बघायला हरकत नाही, कुठलं वाक्य कुठे चांगलं होतं ते घरोघरी वेगळं असणार.

यावरचा उपाय मात्र ॲपमध्ये नाही, वहीत आहे. आठवडाभर सासूबाई जे जे नेहमी म्हणतात ते लिहून काढा, प्रत्येकाचं बरोबर हिंदी एखाद्या हिंदी येणाऱ्या माणसाकडून करून घ्या (आपलं मुंबईचं हिंदी नको), आणि ट्रान्सलेटमध्ये चांदणीचं चिन्ह असतं, वाक्य सेव्ह करायचं, त्यात बसेल तेवढं बसवा. जी वाक्यं ॲप चुकवतंय ती व्हॉइस नोट म्हणून आपल्याच आवाजात हिंदीत रेकॉर्ड करून ठेवायची. माणूस दिवसभरात तीच तीच पंधरा-वीस वाक्यं बोलतो, विशेषतः अंथरुणावरचा माणूस. पाणी, लघवी, कूस बदल, पंखा कमी कर, पाय आखडलाय, मुलाला फोन लाव. ही पक्की झाली की एआयला फक्त उरलेल्यासाठी त्रास द्यायचा. आणि लघवी-संडास या गोष्टींसाठी सासूबाईंना फोनसमोर बोलायला लावूच नका. आमच्याकडे त्या "बाहेर जायचंय" म्हणतात, पूर्वीच्या बायका तशाच म्हणतात, ॲप त्याचं बाहर जाना है करतं आणि ती मुलगी चपला आणते. करंगळी दाखवणं सगळ्या भारतात चालतं.

औषधं. गोळी कुठली, किती, कधी, अर्धी का पूर्ण, जेवणाआधी का नंतर, एक दिवसाआड म्हणजे काय, यातलं काहीही ॲपवरून सांगायचं नाही. विषय संपला. आठवड्याचा गोळ्यांचा डबा येतो, सकाळ-दुपार-रात्र कप्पेवाला, तो घरातल्या माणसानं भरायचा, आणि केअरटेकरनं फक्त त्या वेळचा कप्पा उघडायचा.

आता सासूबाईंना ऐकू जाण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे साठीच्या पुढच्या २५ टक्क्यांहून जास्त लोकांना त्रास होईल इतकं कमी ऐकू येतं, आणि वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ॲपमधली बाई नेमकी बारीक आवाजात आणि भरभर बोलते. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग टेक्स्ट टु स्पीच, तिथे वेग आणि पट्टी असे दोन दांडे असतात, दोन्ही डावीकडे जरा ओढा. आवाज बदलायचा पर्याय असेल तर जाड आवाज निवडा. फोनचा स्पीकर सोडून छोटा ब्लूटूथ स्पीकर उशाशी ठेवला तर अजून बरं. कानाचं मशीन असेल आणि फोन कानाला चिकटवला तर शिट्टी वाजते, तेव्हा लांबूनच. यापुढे जास्त काही नाही यात.

चौथा प्रकार, परत परत बिघडण्याचा. याचं कारण बहुतेक वेळा इतकं फालतू असतं की हसू येतं. एक, माइकची परवानगी. अँड्रॉइड पहिल्यांदा विचारतं तेव्हा केअरटेकरनं "फक्त या वेळी" दाबलं की पुढच्या वेळी परत विचारणार, आणि तेव्हा चुकून नाही दाबलं गेलं की ॲप बहिरं. शिवाय अँड्रॉइड ११ पासून, काही महिने न वापरलेल्या ॲपची परवानगी फोन आपणहून काढून घेतो, म्हणजे सासूबाई मुलीकडे राहून आल्या की गडबड. "ॲप वापरताना" हा पर्याय निवडून ठेवा आणि ॲपच्या माहितीच्या पानावर, न वापरल्यास परवानगी काढायचं बटण असतं ते बंद करा. दोन, माइकची भाषा. केअरटेकर त्याच फोनवरून हिंदीत व्हॉइस टायपिंग करते, कीबोर्ड हिंदीवर राहतो, मग सासूबाईंची पोटातली "कळ" तिथे "कल" होते. लिपी एकच असल्यामुळे ते पटकन लक्षात पण येत नाही. याच कारणासाठी संभाषणात भाषा आपोआप ओळखण्याचा जो पर्याय असतो तो वापरू नका, मराठी आणि हिंदी इतक्या जवळच्या आहेत आणि त्यातून सासूबाई मधेच "पानी दे" म्हणतात, ते मशीन गांगरतं. डावीकडचं बटण मराठी, उजवीकडचं हिंदी, हातानं दाबायचं. आम्ही फोनच्या कडेला डावीकडे लाल टिकली लावलीय, खरी कपाळाची, ती सासूबाईंची बाजू.

तीन, बॅटरी सेव्हर. तो मागे चालू असलेलं ॲप बंद करून टाकतो. चार, दिवसाचा डेटा. केअरटेकर दुपारी रील्स बघते, बघू दे बिचारी, चोवीस तास कुणाच्या घरात राहायचं म्हणजे काय असतं ते आपल्याला माहीत नाही, पण संध्याकाळी डेटा संपलेला असतो आणि ॲप गोल गोल फिरत बसतं. या कामासाठी वेगळा जुना फोन ठेवा, घरच्या वायफायवर, त्यात दुसरं काही नको. ट्रान्सलेटमध्ये मराठी आणि हिंदी ऑफलाइन डाउनलोड करून ठेवता येतं, त्यात टाइप केलेलं तरी चालतं, आवाजाची खात्री नाही. त्या जुन्या फोनवर बँकेचं ॲप, ओटीपी येणारं सिम, आधारचा फोटो यातलं काही नको. ते एआयच्या भीतीनं नाही, साधी अक्कल म्हणून.

आता उलट बाजू, केअरटेकरकडून आपल्याकडे. ती रोज रात्री हिंदीत एक व्हॉइस नोट पाठवते, दिवसभरात काय झालं, आणि आम्ही त्याचं एआयकडून मराठीत करून फॅमिली ग्रुपवर टाकतो, कारण नणंद टोरांटोला आणि तिला सगळं जाणून घ्यायचं असतं. इथे एआयची एक खोड आहे, ते गोड करून लिहितं. मुलगी म्हणते "आज दो बार गिरते गिरते बचीं, खाना आधा छोड़ा", आणि वर येतं "आज आईंचा दिवस साधारण ठीक गेला, जेवण थोडं कमी झालं". पडता पडता वाचल्या ते गायब! सारांश मागितला की हे होणारच, म्हणून सारांश मागायचाच नाही. आम्ही हे वाक्य कॉपी करून ठेवलंय, तसंच्या तसं देतो :

"खालचं हिंदी बोलणं मराठीत लिही. सारांश करू नकोस, क्रम बदलू नकोस. जे सांगितलेलं नाही ते लिहू नकोस. आकडे, वेळा आणि औषधांची नावं ऐकली तशीच लिही. जे नीट कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक, अंदाज करू नकोस. पडणं, उलटी, ताप, खाण्यापिण्यात ठसका, वेगळं वागणं यातलं काही असेल तर तेच वाक्य सगळ्यात वर परत लिही. सल्ला देऊ नकोस."

शेवटचं महत्त्वाचं आहे, नाहीतर प्रत्येक वेळी खाली डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि पाणी भरपूर प्या असं येतं आणि नणंद विचारते की पाणी देत नाही का तुम्ही. ठसका मुद्दाम घातलाय, पार्किन्सन्समध्ये गिळण्याचा त्रास होतो आणि केअरटेकरला ते किरकोळ वाटू शकतं. बीपीचा आकडा मात्र आम्ही नोटमधून घेत नाहीच, मशीनच्या स्क्रीनचा फोटो मागवतो.

आणि त्या मुलीला सांगितल्याशिवाय तिचं बोलणं रेकॉर्ड करून एआयला देऊ नका. सुरुवातीला ती फोनसमोर एकदम गप्प असायची, तिला वाटायचं की हे तिच्यावर लक्ष ठेवायला आहे, काही चुकीचं बोललं तर ब्युरोला कळेल. तिला दाखवलं की क्लिप कुठे जाते, काय लिहून येतं, ती स्वतः पुसू शकते, तेव्हा कुठे बोलायला लागली. तिच्या घरची भाषा हिंदी नाहीच, सादरी (झारखंडकडची एक भाषा) आहे, तिचं हिंदीही ॲप कधीकधी चुकवतं, म्हणजे तिच्यासाठी पण हे परक्या भाषेतलंच काम आहे. तिलाही परत ऐकवायचा नियम लावलाय, ती ऐकते, हसते आणि "नहीं, ये नहीं बोली" म्हणते.

एकदम काही झालं, छातीत दुखलं, पडल्या, बोलताना तोंड वाकडं झालं, तर ॲपबिप काही नाही. १०८ लावायचा, मग आम्हाला. हे भिंतीवर हिंदीत मोठ्या अक्षरात आणि आमच्या फोटोसकट लावलंय. पत्ता पण लिहिलाय, मजल्यासकट, कारण त्या गडबडीत बाहेरगावच्या माणसाला सोसायटीचं नाव आठवत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन पण आहे, पण ती चौकशी आणि मदतीसाठी, अॅम्ब्युलन्ससाठी नाही.

बदली बाई येते तेव्हा सगळं नव्यानं शिकवायला लागतं, त्यावर आम्ही मुलीकडूनच एक दोन मिनिटांचा व्हिडिओ करून घेतलाय, तिच्या हिंदीत, लाल टिकली कुठली, व्हॉइस नोट लॉक कशी करायची, परत कसं ऐकवायचं. मी समजावते त्यापेक्षा तो व्हिडिओ बघून बायकांना लवकर कळतं.

रात्रीचं मात्र अजून जमलेलं नाही. कवळी काढलेली, गोळीचा असर उतरलेला, आवाज नुसता श्वासाइतका, आणि फोनला त्यात काहीही सापडत नाही, वेगवेगळी ॲप्स लावून बघितली तरी. सध्या उशाला देवघरातली छोटी घंटा आहे आणि पलंगाच्या दांड्याला चित्रांचं कार्ड बांधलंय, पाणी, संडास, कूस, दुखतंय, थंडी, भीती वाटतेय. मुलगी टॉर्च मारते, सासूबाई बोट ठेवतात, बोट थरथरतं म्हणून चित्रं मोठी आणि लांब लांब काढलीत, एका कार्डावर सहाच.